अर्धा गुडघा बदलला म्हणजे अर्धंच बरं वाटणार का?

मागच्या अंकात गुडघ्याच्या व्यायामांवर लिहिलं होतं, त्यावर आलेल्या पत्रांत आणि मेलमध्ये व्यायामाबद्दल विचारणारे थोडे आणि ऑपरेशनबद्दल विचारणारे जास्त, त्यातही पार्शल नी रिप्लेसमेंटबद्दल, म्हणजे पूर्ण गुडघा (टोटल) न बदलता फक्त झिजलेला भाग बदलण्याबद्दल, इतके प्रश्न आले की हा महिना पूर्ण त्यालाच द्यायचं ठरवलं. एक गोष्ट आधी सांगते, मी सर्जन नाही. फिजिओथेरपिस्ट आहे, बावीस वर्षं झाली, भायखळ्यापासून दादरपर्यंत लोकांच्या घरी जाऊन ऑपरेशन झालेले गुडघे चालते करायचं काम करते. तेव्हा ऑपरेशननंतर मी रोज जे बघते आणि त्याबद्दल जे वाचलंय ते सांगणार आहे. तुमचा एक्स-रे बघून निर्णय तुमचे सर्जनच देणार.

प्रश्न : ताई, आम्ही लालबागला चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझी मिसेस ६३ वर्षांची, डावा गुडघा आतल्या बाजूने दुखतो, गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, आता डॉक्टर म्हणतात पार्शल होऊ शकेल. पण माझ्या वहिनीचं टोटल झालंय, ती म्हणते अर्धवट काम कशाला करताय, एकदाच काय ते पूर्ण उरकून टाका, नाहीतर पाच वर्षांनी परत टेबलावर. पार्शलचे रिझल्ट खरंच कमी असतात का? – एक वाचक, लालबाग

काका, आधी तो "अर्धवट" शब्द डोक्यातून काढून टाका, निम्मा घोळ त्या शब्दानेच घातलाय. आपल्याकडे सरसकट "वाट्या बदलल्या" असं म्हणायची पद्धत आहे ना, त्यामुळे लोकांना वाटतं जुना गुडघा काढून नवा बसवतात आणि पार्शल म्हणजे त्यातला अर्धाच बसवतात. पार्शलमध्ये वाटीला सहसा हातच लावत नाहीत. गुडघ्यात तीन भाग असतात, आतला म्हणजे दुसऱ्या गुडघ्याकडचा, बाहेरचा, आणि पुढचा, वाटीच्या मागचा. प्रत्येक भागात हाडाच्या टोकावर कूर्चा असते, शहाळ्यातल्या मलईसारखी पांढरी, गुळगुळीत. ती झिजून गेली की हाडावर हाड घासतं. आपल्याकडच्या खूप लोकांची झीज आतल्या भागातून सुरू होते, म्हणून तर वय झालं की पाय धनुष्यासारखे बाकलेले दिसतात.

टोटलमध्ये मांडीच्या आणि नडगीच्या हाडाची टोकं कापून दोन्हीवर पूर्ण धातूचं कव्हर बसवतात आणि मधलं एसीएल लिगामेंट, म्हणजे गुडघ्याच्या आत दोन हाडांना बांधून ठेवणारा दोरीसारखा पट्टा, बहुतेक वेळा काढावं लागतं. पार्शलमध्ये फक्त झिजलेल्या भागावर छोटं कव्हर, मध्ये प्लास्टिकची चकती, बाकी बाहेरचा भाग, वाटी, लिगामेंट्स सगळं जागच्या जागी. काप लहान, हाड कमी जातं, रक्त कमी जातं. म्हणूनच पार्शल झालेले पेशंट मला बऱ्याचदा सांगतात की ताई हा गुडघा माझाच वाटतो. टोटलवाले बरे होतात, चालतात, पण हे वाक्य त्यांच्याकडून कमी ऐकायला मिळतं.

आता रिझल्ट. ब्रिटनमध्ये टॉपकॅट नावाची मोठी ट्रायल झाली, २०१९ मध्ये लॅन्सेट या जर्नलमध्ये पाच वर्षांचे निकाल आले. ५२८ पेशंट घेतले होते, सगळे असे की ज्यांना पार्शलही चाललं असतं आणि टोटलही. कोणाला काय मिळणार ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं, म्हणजे चांगले चांगले पेशंट एकाच बाजूला गेले असं होऊ नये. पाच वर्षांनी दुखणं आणि रोजच्या हालचाली विचारून काढलेल्या गुडघ्याच्या स्कोअरमध्ये ४८ पैकी पार्शलवाल्यांना सरासरी ३८ आणि टोटलवाल्यांना ३७, म्हणजे जवळपास सारखेच. आधीपेक्षा बरं वाटतंय म्हणणारे दोन्हीकडे दहापैकी नऊच्या आसपास होते. पुन्हा ऑपरेशन आणि कॉम्प्लिकेशन्ससुद्धा त्या पाच वर्षांत दोन्हीकडे साधारण सारखीच होती, आणि पार्शलचा खर्च कमी आला. तर अर्धंच बरं वाटतं हे काही खरं नाही.

पण तुमच्या वहिनी अगदीच चुकीचं बोलतायत असंही मी म्हणणार नाही. त्याच वर्षी लॅन्सेटमध्येच आणखी एक अभ्यास आला, गुडघा टिकतो किती यावर, त्यात २५ वर्षांनंतर टोटलचे १०० पैकी साधारण ८२ गुडघे टिकलेले होते आणि पार्शलचे ७०. त्याआधी २०१४ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधल्या लाखभर पेशंटच्या नोंदी तपासल्या तेव्हा आठ वर्षांत पुन्हा ऑपरेशन लागायचं प्रमाण पार्शलमध्ये दुपटीहून थोडं जास्त निघालं. हा फरक खरा आहे, तो तुमच्यापासून लपवला तर मी तुमची फसवणूक केली असं होईल. मात्र त्याच नोंदींमध्ये हार्ट अटॅक, स्ट्रोक, रक्ताच्या गुठळ्या, पुन्हा ॲडमिट व्हावं लागणं हे सगळं टोटलमध्ये जास्त होतं, ही बाजू कोणी सांगत नाही. तुमच्या मिसेस ६३ च्या, २५ वर्षं म्हणजे ८८ वय. बीपी, शुगर, हार्टचं काही असेल तर ऑपरेशनच्या आसपासच्या महिन्यांतला धोका कमी असणं ही लहान गोष्ट नाही.

पार्शल परत का करावं लागतं याची जी कारणं मला कळलीत ती अशी. एक म्हणजे पार्शल दुखलं तर सर्जनकडे पुढचा मार्ग सोपा असतो, टोटल करून टाकू, त्यामुळे निर्णय लवकर होतो, टोटल दुखलं तर परत उघडायला कोणीही दहा वेळा विचार करतो. दुसरं आणि मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे चुकीच्या गुडघ्यात पार्शल बसवलेलं असतं. झीज अर्धवट असताना, हाडावर हाड आलेलंच नसताना केलं तर दुखणं जात नाही. ऑक्सफर्डचे सर्जन गुडफेलो आणि इंजिनियर ओ'कॉनर यांनी १९७० च्या दशकात सरकत्या चकतीचा, म्हणजे मधली प्लास्टिकची चकती पक्की न बसवता सरकती ठेवलेला, गुडघा तयार केला, आणि पुढे त्यांच्या लक्षात आलं की एसीएल शाबूत असलेल्या, आतल्या पुढच्या भागातच झीज असलेल्या गुडघ्यात तो उत्तम चालतो. एसीएल गेलेलं असेल तर टिकत नाही.

तेव्हा डॉक्टरांना असं विचारा, आतल्या भागात हाडावर हाड आलंय का, बाहेरच्या भागाची कूर्चा चांगली आहे हे पाय दाबून काढलेल्या स्ट्रेस एक्स-रेमध्ये बघितलं का, एसीएल चांगलं आहे का, पायाचा बाक हाताने सरळ होतो का. आणि संकोच न करता विचारा की डॉक्टर, तुम्ही वर्षाला पार्शल किती करता. वर्षातून एखाददुसरं करणाऱ्यांपेक्षा नेहमी करणाऱ्यांचे गुडघे जास्त टिकतात हे परदेशातल्या नोंदींत स्पष्ट दिसलंय. चांगल्या सर्जनला या प्रश्नाचा राग येत नाही.

माझ्या आईचं सांगते. गिरगावातली आमची चाळ, लाकडी जिना, ४४ पायऱ्या, मधल्या वळणावर पायरी झिजून तिरकी झालेली. पार्शलच्या आधी दीड वर्ष आई खाली उतरलेली नव्हती, भाजी दोरीच्या पिशवीतून वर यायची. ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात मी तिला पायऱ्या शिकवल्या, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, आणि ती प्रत्येक पायरीला मोठ्याने म्हणायची "चांगला वर, नवा खाली". सातव्या आठवड्यात ती एकटी उतरून कोपऱ्यावरच्या कोळणीकडून बोंबील घेऊन आली, मला न सांगता. मी ओरडले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. आज नऊ वर्षं झाली. रिझल्ट म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर स्कोअर येत नाही, ती बोंबलाची पिशवी येते. तुमच्या मिसेसना विचारा त्यांना कुठपर्यंत उतरून जायचंय.

प्रश्न : माझ्या वडिलांचं चार वर्षांपूर्वी एका खाजगी हॉस्पिटलमध्ये पार्शल झालं. पहिली दोन वर्षं मस्त होती, मग परत दुखायला लागलं, आता दुसरे डॉक्टर म्हणतात टोटल करावं लागेल. आम्हाला फसवलं असं वाटतंय. आधीच टोटल का नाही केलं? – एक वाचक, मुलुंड

दादा, तुमचा राग मला कळतो, एकदा त्या सगळ्यातून गेलेल्या माणसाला परत त्यातून न्यायचं म्हणजे घरच्यांचा जीव थकतो. पण दोन वर्षं मस्त गेली असतील तर पहिला निर्णय चुकीचाच होता असं लगेच म्हणता येणार नाही. पार्शलमध्ये उरलेले दोन भाग तुमच्या वडिलांचेच असतात आणि ते पुढे झिजू शकतात, बाहेरच्या भागात झीज वाढणं हे पुन्हा ऑपरेशन लागायचं एक मोठं कारण आहे. दुसरं कारण म्हणजे धातूचा भाग हाडापासून सैल होणं. सरकत्या चकतीचा गुडघा असेल तर चकती निसटणं हेही होतं. इन्फेक्शन टोटलपेक्षा कमी होतं पण होतं.

म्हणून आत्ता तुम्ही भांडायला जाण्यापेक्षा एक काम करा, "का दुखतंय" याचं नाव मागा. नवे डॉक्टर कुठल्या कारणासाठी टोटल सांगतायत? एक्स-रेमध्ये बाहेरचा भाग गेलेला दिसतोय का, इम्प्लांटच्या, म्हणजे बसवलेल्या भागाच्या, कडेने काळी रेघ वाढलीय का, ईएसआर आणि सीआरपी या रक्ताच्या तपासण्या केल्या का, गरज वाटल्यास गुडघ्यातलं पाणी काढून तपासलं का. इन्फेक्शन नाही याची खात्री झाल्याशिवाय परत उघडायचं नसतं. कारण सापडलं तर टोटल केल्यावर आराम पडायची शक्यता चांगली असते. कारणच सापडलं नाही, नुसतं "दुखतंय ना, मग बदलून टाकू" असं असेल तर मात्र थांबा, दुसरं ओपिनियन घ्या, कंबर आणि खुबासुद्धा तपासून घ्या, कारण खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं. कारण न सापडलेल्या दुखण्यासाठी केलेलं ऑपरेशन बऱ्याचदा दुखणं तसंच ठेवून जातं. माझ्याकडे असे दोन पेशंट आलेत, दोघांचंही दुखणं दुसऱ्या ऑपरेशननंतर होतं तिथेच होतं, आणि त्यांना बघताना मला खूप वाईट वाटायचं.

आणखी एक स्पष्ट सांगायला हवं. पार्शलचं टोटल करणं सोपं असतं असं सगळीकडे सांगतात, टोटलचं परत टोटल करण्याच्या मानाने ते खरं आहे. पण पहिल्यांदाच केलेल्या टोटलइतका रिझल्ट येईलच असं नाही, कधी हाड कमी पडतं, जास्तीचा तुकडा किंवा लांब दांडा बसवावा लागतो. हे तुम्हाला आधीच माहीत असू द्या. जुन्या फाइलमधले इम्प्लांटचे स्टिकर शोधून ठेवा, कंपनी आणि साइज त्यावरच असतो, नव्या सर्जनला त्याची फार मदत होते.

प्रश्न : पार्शल होऊन पाच महिने झाले. चालणं छान आहे पण गुडघा संध्याकाळी गरम लागतो, टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला हात लावला तर कळतच नाही, आणि देवासमोर गुडघे टेकता येत नाहीत. कधीकधी टक् असा आवाज येतो. काही बिघडलंय का? – एक वाचक, दादर

ताई, तुमच्यासारखे फोन मला आठवड्याला दोन तरी येतात, आणि बहुतेक सगळ्यांना मी सांगते की घाबरू नका. गुडघा कित्येक महिने थोडा गरम राहतो, संध्याकाळी जास्त, कारण दिवसभर तुम्ही त्यावर उभ्या असता आणि आतली जखम अजून भरतेय. सकाळ-संध्याकाळ पायाचा फोटो काढून ठेवा, सूज कमी होत चाललीय की नाही ते फोटोत कळतं, रोज बघून कळत नाही. बर्फ लावा, १५ मिनिटं, टॉवेलमधून. तेल जोरजोराने रगडू नका.

ती बधिर जागा म्हणजे त्वचेची एक बारीक नस तिथून आडवी जाते, काप घेताना ती कापली जाते. जागा हळूहळू लहान होते, काहींची थोडी कायम राहते, चालण्यावर त्याचा काही परिणाम नाही. टक् आवाज धातू आणि प्लास्टिक एकमेकांना लागल्याचा असतो, दुखत नसेल आणि गुडघा अडकत नसेल तर सोडून द्या.

गुडघे टेकण्याचं मात्र नीट सांगते कारण हा त्रास लोक बोलूनच दाखवत नाहीत. गुडघा टेकला की काही मोडत नाही. न टेकायचं खरं कारण म्हणजे टाक्यांवर येणारा तो विचित्र, बधिर, टोचल्यासारखा स्पर्श आणि मनातली भीती. जखम पूर्ण भरली आहे आणि सर्जननी हो म्हटलंय ना, मग पलंगाच्या गादीवर सुरुवात करा, दोन उशा खाली घेऊन, हाताचा आधार ठेवून, दहा सेकंद. आठवड्याने एक उशी काढा. मग सतरंजीची घडी. हे कोणी शिकवतच नाही, डिस्चार्जच्या कागदावर "गुडघे टेकू नका" असं छापलेलं असतं आणि माणूस आयुष्यभर तेच धरून बसतो. माझ्या एका पेशंट आजींनी महिनाभर असं केलं आणि गणपतीत नमस्काराला वाकल्या तेव्हा सुनेने मला व्हिडिओ पाठवला.

हे मात्र लक्षात ठेवा. गुडघा अचानक लाल होऊन सुजला, ताप आला, टाक्यांतून पाणी आलं, पोटरी घट्ट होऊन दुखायला लागली किंवा धाप लागली तर मला फोन करू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. आणि अचानक खटकन काहीतरी सरकल्यासारखं होऊन गुडघा अडकला तर त्याच दिवशी एक्स-रे.

प्रश्न : वय ५१, बस कंडक्टर, दिवसभर उभं राहायचं काम. वजन ९१ किलो. एक डॉक्टर म्हणाले वजन जास्त, वय कमी, पार्शल होणार नाही. दुसरे म्हणाले होईल. तिसऱ्यांनी हाड कापून प्लेट टाकू म्हणाले. कोणाचं ऐकू? – एक वाचक, विक्रोळी

दादा, तिघंही आपल्या परीने बरोबर असू शकतात. पहिल्या डॉक्टरांचं म्हणणं जुन्या नियमातून आलंय. १९८९ मध्ये अमेरिकेत कोझिन आणि स्कॉट यांनी पार्शल कोणासाठी याचे नियम लिहिले, त्यात वय ६० च्या वर, वजन ८२ किलोच्या आत, काम हलकं असं होतं. नंतर बऱ्याच सर्जननी ते सैल केले कारण जास्त वजनाच्या आणि तरुण पेशंटमध्येसुद्धा चांगले रिझल्ट मिळाले. पण ५१ वय आणि दिवसाला आठ तास हलत्या बसमध्ये उभं राहणं हा हिशोब त्याने बदलत नाही, गुडघ्याला अजून पुढची ३० वर्षं काढायची आहेत आणि तरुण पेशंटमध्ये पुन्हा ऑपरेशन लागायची शक्यता जास्तच असते.

तिसरे डॉक्टर म्हणतात ते एचटीओ, म्हणजे नडगीचं हाड गुडघ्याच्या खाली कापून पायाचा बाक सरळ करायचा, प्लेट लावायची, म्हणजे वजन झिजलेल्या आतल्या बाजूवरून चांगल्या बाहेरच्या बाजूला जातं. स्वतःचा गुडघा राहतो, जड काम करता येतं. हाड जुळायला वेळ लागतो, काही महिने ड्युटी नाही, रजा आहे का ते आधी बघा. झीज फार नसेल आणि बाक हाडातला असेल तर तुमच्या वयाला हा पर्याय मनापासून विचारात घ्या, हाडावर हाड आलेलं असेल तर पार्शलकडे झुकतं माप.

वजनाबद्दल मी ओरडणार नाही, डबल ड्युटी करून वेळेवर जेवायला मिळत नाही हे मला माहितेय. फक्त एवढं सांगते की एक किलो वजन कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो. पाच किलो उतरवलंत तर वीस किलो. काही जणांचं ऑपरेशन यातच दोन-तीन वर्षं पुढे ढकललं गेलेलं मी बघितलंय. आणि खुर्चीवर बसून पाय सरळ करून धरायचा, दहा मोजायचे, डेपोत गाडी थांबली की करा, कोणाला कळतही नाही.

प्रश्न : पार्शलनंतर मांडी घालून बसता येईल का? आमच्याकडे कॉमन संडास आहे, इंडियन. – एक वाचक, परळ

हा प्रश्न परदेशातल्या कुठल्याच स्कोअरमध्ये नसतो आणि इथे सगळ्यात आधी हाच येतो. पार्शलमध्ये गुडघा साधारणपणे टोटलपेक्षा जास्त वाकतो, माझे बरेच पार्शलवाले पेशंट तीन-चार महिन्यांनी मांडी घालतात. पण ऑपरेशनच्या आधी गुडघा किती वाकत होता यावर पुष्कळ अवलंबून आहे, आधीच दहा वर्षं मांडी सुटलेली असेल तर ऑपरेशनने ती परत येईलच असा शब्द कोणी देऊ नये.

उकिडवं बसणं वेगळं. त्यात गुडघा पूर्ण मुडपून वर सगळं वजन येतं, आणि सरकत्या चकतीच्या गुडघ्यात चकती निसटण्याचा धोका अशा खोल वाकण्यात असतो, म्हणून तुमचा गुडघा सरकत्या चकतीचा आहे की पक्क्या ते सर्जनना विचारा आणि उकिडवं बसायचं की नाही ते त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. तोवर संडासात ठेवायची कमोड खुर्ची मिळते, मधे भोक असलेली, इंडियन भांड्यावर ठेवायची. परळ-भोईवाड्याच्या मेडिकल स्टोअर्समध्ये सहज मिळेल. कॉमन संडास आहे म्हणून लाजू नका, घडीची घ्या, नेऊन ठेवा, झालं की परत आणा. रबरी बूच झिजलेलं नाही ना ते दर महिन्याला बघा, ओल्या लादीवर खुर्ची सरकून पडलेले पेशंट मी उचललेत.

प्रश्न : मला आमवात आहे, र्‍ह्युमॅटॉइड. दोन्ही गुडघे गेलेत. पार्शल स्वस्त पडेल का? – एक वाचक, कल्याण

नाही हो, तुमच्यासाठी पार्शल नाही. हा आजार पूर्ण सांध्याच्या आवरणात असतो, एक भाग बदलला तरी उरलेले भाग तो खातच राहणार. तुम्हाला टोटलच लागेल, आणि त्याआधी ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना भेटून औषधं कधी थांबवायची, कधी परत चालू करायची ते लिहून घ्या, मनाने काही बंद करू नका.

प्रश्न : रोबोटने पार्शल केलं तर जास्त टिकतं का? आणि बिल बघून डोळे फिरले. – एक वाचक, बोरिवली

रोबोटने इम्प्लांट ठरवलेल्या जागी जास्त अचूक बसतो हे दिसलंय आणि पार्शलमध्ये एक-दोन डिग्रीचाही फरक पडतो, म्हणून उपयोग आहेच. पण पैसे उसने काढून रोबोट घेऊ नका, पार्शल नेहमी करणारा सर्जन साध्या पद्धतीने करत असेल तर मी माझ्या माणसाला त्याच्याकडे निर्धास्त पाठवीन.

बिलाचं सांगते. ऑगस्ट २०१७ मध्ये एनपीपीएने, म्हणजे औषधांच्या किमतींवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या टोटल गुडघ्याची कमाल किंमत जीएसटी सोडून ५४,७२० रुपये ठरली, आधी तोच दीड लाखाच्या वर जायचा. दर नंतर बदलत आलेत, पण बिलात इम्प्लांटची किंमत आणि ब्रँड वेगळा दाखवायला हवा, "पॅकेज" म्हणून एका आकड्यात गुंडाळलेलं असेल तर फोड मागा. बाकीचं बिल रूमचं, ऑपरेशन थिएटरचं, सर्जनच्या फीचं असतं, त्यावर ही मर्यादा लागत नाही, म्हणून ॲडमिट व्हायच्या आधीच लेखी अंदाज घ्या. केईएम, सायन, नायरसारख्या मोठ्या सरकारी-महापालिका हॉस्पिटलांत जॉइंट रिप्लेसमेंट होतात, रांग असते, पण ओपीडीत जाऊन चौकशी करायला काय हरकत आहे.

प्रश्न : लोकलने कधीपासून जाता येईल? – एक वाचक, ठाणे

काठी सुटली, न लंगडता वीस मिनिटं चाललात आणि ब्रिजचे जिने कठड्याला धरून चढ-उतर करता यायला लागले की, बहुतेकांचं हे सहा ते आठ आठवड्यांत होतं. सुरुवात दुपारी करा, गर्दीच्या वेळी नको, धक्का लागला तर नवा गुडघा सावरायला अजून शिकतोय. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पाय खाली टाकायचा नाही. पहिल्या दिवशी कोणालातरी सोबत घ्या आणि फक्त एक स्टेशन जाऊन परत या, ठाणे ते मुलुंड.